शनिवारचं एरंडेल

हल्ली एखादा नवा ड्रायव्हर भेटला की मी त्याचं गाव विचारत नाही, पगार विचारत नाही. "काडी शेवटची कधी ओढलीस?" एवढंच विचारतो. बहुतेकांना वाटतं, म्हाताऱ्याला विडी पेटवायची आहे. ते खिसे चाचपतात आणि मी कपाळाला हात लावतो.

काडी म्हणजे तेलाची काडी. इंजिनाच्या कुशीत एक लांबट पोलादी पट्टी खोचलेली असते आणि तिचं टोक तळाच्या तेलात बुडालेलं असतं. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेच्या वर नको आणि खालच्या खुणेच्या खाली नको, एवढंच ते शास्त्र. पण गाडी सपाट जमिनीवर हवी, इंजिन थंड हवं, आणि काडी एकदा ओढून, फडक्याने पुसून, परत बुडवून मगच वाचायची. पहिल्या ओढीला ती थापा मारते. मी जन्मभर मोटारींचं काम केलं, आणि माझ्या नोकरीचा निम्मा भाग हा असा वाकून काडी वाचण्यात गेला. कंबर आज जी बोलते ती त्यामुळेच.

लोकांना वाटतं की तेल म्हणजे नुसतं वंगण, बिजागरीला घालतात तसं. तसं नाही. इंजिनाच्या आत दर क्षणाला जाळ होतो. तो जाळ बाहेरून पाणी सोसतं आणि आतून तेल सोसतं. तेल फिरत फिरत तापलेल्या भागांवरून उष्णता उचलतं आणि तळाच्या चेंबरमध्ये आणून टाकतं. तेल कमी झालं की उष्णता उचलायला कुणी उरत नाही. जास्त झालं तरी पंचाईतच. आतले दांडे ते घुसळून फेस करतात, आणि फेसाला उष्णता उचलता येत नाही. तेव्हा गाडीवाल्याने धुराकडे बघायला शिकावं. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर पाणी आत शिरलंय, निळा असेल तर गाडी तेल खातेय.

उष्णतेवरून आठवलं म्हणून सांगतो. मी आधी नंदुरबारला होतो. तिथे मिरचीच्या हंगामात एक लॉरी माझ्याकडे आली, चढ लागला की उकळते म्हणून. मी वास्तविक पाणी थंड करणारी पुढची जाळी बघायला हवी होती, पण मालक घाईत होता. त्याने स्वतःच फडकं धरून पाण्याचं झाकण उघडलं. जाळीच्या फटींत हंगामभराची मिरचीची भुकटी बसलेली होती, आणि ती गरम वाफ भुकटीतून उसळली. पुढे काय झालं ते सांगायला मी बघितलं कुठे? डोळेच मिटले होते. समोरच्या चहाच्या दुकानातलं गिऱ्हाईक उठून पळालं. एक रिकामा टांगा घोड्याने आपल्या मर्जीने स्टेशनपर्यंत नेला. मालक खोकत खोकत मला म्हणत होता, "मिस्तरी, दोष सापडना का?" सापडला होता. सगळ्या बाजाराला सापडला होता.

त्यानंतर ब्राह्मणपुरीचे आप्पासाहेब मला घेऊन गेले. कापूस, मिरची, विहिरी, गुरंढोरं, सगळं ऐसपैस असलेला माणूस. जंगलखात्यातला एक गोरा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याची लाल गाडी आप्पासाहेबांनी घेतली. ते साधं वाहन नव्हतंच. दोनच माणसांची, जमिनीला चिकटून चालणारी, लांब नाकाची शर्यतीची गाडी. बॉनेटवर चामड्याचा पट्टा, पाठीमागे टांगलेलं एक जादा चाक आणि समोर पाण्याचे, तेलाचे, वेगाचे पाच-सहा काटे. इंजिन लहानसंच, पण फिरायचं भिंगरीच्या वेगाने. अशी इंजिनं तेल खातातच, तो त्यांचा दोष नव्हे. रविवारी सकाळी मी काडी वरच्या खुणेवर आणून ठेवायचो आणि पुढच्या रविवारी तेल खालच्या खुणेच्या खाली गेलेलं असायचं.

उजवीकडे आप्पासाहेब बसायचे आणि डावीकडे मी. गाडी ते चालवायचे. माझं काम काट्यांवर नजर ठेवायचं आणि मनात देवाचं नाव घ्यायचं. हळू जाणं हा प्रकार आप्पासाहेबांना ठाऊक नव्हता. घरापासून गावच्या मारुतीपर्यंत जायचं असलं तरी इंजिन किंचाळलंच पाहिजे.

"जगा," ते एकदा तेलाचा रिकामा डबा हलवत मला म्हणाले, "गाडी तेल पी ऱ्हायनी का तू?"

"आप्पासाहेब, तुमना पाय पी ऱ्हायना," मी म्हणालो.

ते खो खो हसले आणि त्याच पायाने गाडी आणखी दामटली.

घरात एकच माणूस हसत नव्हतं. वहिनी. आप्पासाहेबांच्या बायकोला आम्ही सगळेच वहिनी म्हणत असू. गाडी फाटकातून बाहेर पडली की त्या ओसरीवर येऊन उभ्या राहायच्या आणि धूळ बसेपर्यंत आत जायच्या नाहीत. त्या गाडीत त्या कधीच बसल्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, कारण जागा दोनच, आणि दुसरी माझी.

आता मुख्य प्रकाराकडे येतो. एका हिवाळ्यात काडी उलटी बोलायला लागली. रविवारी सकाळी बघतो तर तेल कमी व्हायचं सोडून वाढलेलं. मी काडी पुसली, परत बुडवली. वाढलेलंच. पुढच्या रविवारी आणखी थोडं वर. सगळ्या नोकरीत मी तेल खाणाऱ्या गाड्या बघितल्या, तेल गळणाऱ्या बघितल्या, पण तेल प्रसवणारी गाडी ती पहिलीच.

आमच्या धंद्यात याला एकच सरळ उत्तर असतं. इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं गास्केट फुटलं की पाणी तेलात उतरतं आणि पातळी चढते. मी बाह्या सरसावल्या. हेड उतरवलं, गास्केट उन्हात धरून बघितलं, त्यावरून बोट फिरवलं, आणि ते इतकं धडधाकट निघालं की मलाच लाज वाटली. सगळं परत बसवलं. पुढच्या रविवारी पातळी पुन्हा वर.

त्यातच दुसरा चमत्कार सुरू झाला. गाडी तापली की निळा धूर यायचा, ही जुनीच गोष्ट. पण आता त्या धुराला वास येऊ लागला. गोडसर, जड, ओळखीचा. एरवी गाडी गावात शिरली की पोरं मागे धावायची. आता ती वास आला की दारं लावून आत पळू लागली. गाव चक्रावलं. मीही चक्रावलो, आणि एके दिवशी नाक धुराजवळ नेऊन नीट हुंगल्यावर माझ्या पोटात जी कळ उठली तिनेच उत्तर दिलं. तो एरंडेलाचा वास होता. लहानपणी पहाटे नाक दाबून जे पाजलं जातं आणि ज्यानंतरचा सगळा दिवस परसाकडच्या वाटेवर जातो, तेच ते. पोरं काही उगाच पळत नव्हती.

पण इंजिनात एरंडेल येणार कुठून? शनिवारी मी सामानसुमान आणायला शहाद्याला जात असे. गाडी त्या दिवशी घरीच असायची. म्हणून पुढच्या शनिवारी मी निघाल्यासारखं केलं आणि गोठ्याला वळसा घालून परत आलो.

गाडीच्या पडवीत वहिनी होत्या. बॉनेटचा पट्टा त्यांनी व्यवस्थित सोडला होता. पाण्याच्या झाकणाला कुंकू लावलेलं, पायथ्याशी निरांजन, आणि हातातल्या बुधलीतून इंजिनाच्या तेलाच्या तोंडात बारीक धार चाललेली. ओठ हलत होते. धार संपेपर्यंत मी खांबाआड थांबलो. तशी पूजा मोडायची माझी छाती झाली नाही.

"वहिनी, हाई काय करी ऱ्हायनात?"

त्या दचकल्या, पण बुधली सांडू दिली नाही. "तुम्ही शहादाले गयात नही का, जगनभाऊ?"

"मी इचारं ते सांगा ना."

"शनिवारनं तेल टाकी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "त्यासले साडेसाती लागेल शे. भटजीबोवा बोलनात, मारुतीले तेल टाका. गावना मारुती पारवर बसेल शे, तो कोठे जास नही. आनि हाऊ देखा. लाल शे, वारासारखा पयस, तेल पेस. त्यासना जीव याना हातमा शे. मंग मी तेल कोनले टाकू?"

 मुद्द्याला मुद्दा लागत होता.

"ते ठीक शे. पन एरंडेल काब्र?"

"तुम्हीच बोलनात ना, इलायतमा शर्यतना गाड्यासले एरंडेल टाकतस म्हनीसन."

हे मात्र खरं होतं. आप्पासाहेबांनी एका विलायती मासिकात वाचलं होतं, आणि मी ओसरीवर बसून त्याचं व्याख्यान दिलं होतं. एरंडेल जाड असतं, कितीही तापलं तरी पातळ होऊन सटकत नाही, म्हणून शर्यतवाले साहेब लोक ते इंजिनात घालतात. व्याख्यानाच्या वेळी वहिनी आत पोहे परतत होत्या. मला वाटलं होतं की ऐकणारे फक्त आप्पासाहेब आहेत.

मी त्यांना खाली बसवून समजावलं. एरंडेल चांगलं, पण एकटं असेल तेव्हा. खाणीतून निघणाऱ्या तेलाबरोबर ते नांदत नाही. दोन्ही एका भांड्यात घातली तर वेगळी राहतात, भांडतात आणि शेवटी चिकट राळ करून बसतात. शिवाय पातळी चढली की फेस होतो आणि इंजिन तापतं. म्हणजे आप्पासाहेबांचा जीव वाचवायला घातलेलं तेलच इंजिनाच्या जिवावर उठतं.

त्यांनी बुधलीला बूच लावलं. मग म्हणाल्या, "मन्हाकडे दुसरं काय शे, जगनभाऊ? ते ऐकतस कोठे? तुम्ही तरी बाजूले बठतस. मी आठे उभी ऱ्हास."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्या बाईला ओसरीवर उभी बघत होतो आणि मला वाटायचं की ती गाडीची शोभा बघतेय. आम्ही तिथेच तोडगा काढला. शहाद्याला मी शुक्रवारी जाईन, शनिवारी गाडी बाहेर काढायला लावीन आणि एरंडेलाची बुधली माझ्या पायाशी राहील. वाटेत मारुती लागला की गाडी त्याच्यासमोर उभी करून तेल देवाला वाहायचं, सूर्य मावळायच्या आत. आप्पासाहेबांना यातलं काही सांगायचं नाही. मी चेंबर रिकामं केलं, धुऊन काढलं आणि नवं तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. पोरं पुन्हा गाडीमागे धावू लागली.

इकडे हे निस्तरतोय तोवर तिकडे दुसरं लचांड उभं राहिलं. वहिनींचे थोरले भाऊ दगाजीराव पाहुणे म्हणून आले. बैलांचं वेड असलेला माणूस. त्यांच्या दमणीचे, म्हणजे हलक्या बैलगाडीचे, बैल माणसांपेक्षा चांगलं जेवायचे. जेवणानंतर ते गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि पान लावता लावता म्हणाले, "दाजी, मन्हा बैल नदीमाईन जातस, खडीमाईन जातस, घाट चढतस. हाई तुमनी लाल बाहुली मोलगीले जाई का?"

"जाई," आप्पासाहेब म्हणाले.

"बैल न लावता?"

"बैल न लावता."

"आनि नही गयी तर?"

आप्पासाहेब क्षणभर थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नही गयी तर इंजिन काढी लई जा. तुमना गुऱ्हाळले लावा, ऊस पिळा."

"आनि गयी तर मी मन्हा बैलसनी घुंगूरमाळ गाडीले बांधसू," दगाजीराव म्हणाले. दिवस त्यांनीच ठरवला. शनिवारचा.

त्या काळी डोंगरातल्या मोलगी गावाला मोटार जाणं म्हणजे काय, ते आजच्या डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्यांना कळायचं नाही. अक्कलकुव्याच्या पुढे देवगोईच्या घाटात लाकडाच्या गाड्यांसाठी पाडलेली वाट होती. मधे गाडीवाटेची उंच पाठ, दोन्ही बाजूंना चाकोऱ्या, आणि त्या पाठीवर डोकं वर काढून बसलेले दगड. आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभर उंच. दगाजीराव आदल्याच दिवशी दमणी घेऊन पुढे गेले. बरोबर जाड दोरखंड घेतला होता, आम्हाला ओढायला. तो त्यांनी मुद्दाम मला दाखवला. मला रात्री स्वप्नात ते इंजिन उसाचा चोथा ओकताना दिसलं.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. वहिनींनी बुधली माझ्या हातात दिली, काठोकाठ भरलेली.  मग तिचं बूच दोनदा दाबून बघितलं.

तळोद्याला एक मारुती लागला. "आप्पासाहेब, जरासं थांबूत," मी म्हणालो. "येताना," ते म्हणाले. अक्कलकुव्याच्या अलीकडे दुसरा लागला. "येताना, येताना." इंजिन किंचाळत होतं आणि बुधली माझ्या पायात डुचमळत होती.

घाट सुरू झाला तसा मी काट्यांना डोळा लावून बसलो. पाण्याचा काटा चढत होता, पण अजून हद्दीत होता. तेलाचा काटा ठाम. एक वळण, दुसरं वळण. "हळू," मी म्हणालो. "एक बाजूनं चाक पाठीवर लई ल्या." त्यांनी चाक घेतलं, पण वेग कमी केला नाही. आणि खालून दण्णकन आवाज आला. ओळखायला वेळ लागला नाही. दगड चेंबरला लागला होता. लगेच तेलाचा काटा थरथरला आणि बघता बघता शून्यावर आडवा झाला.

"बंद करा!" मी ओरडलो. मालकावर मी ओरडलो तो सगळ्या नोकरीतला एकच प्रसंग. त्यांनी बंद केलं म्हणून इंजिन वाचलं. तेल नसलेलं इंजिन तेवढ्याच वेळात आतल्या आत जाम होऊन बसतं आणि मग त्याच्याने उसाचा चरकसुद्धा फिरत नाही.

मी खाली शिरलो. चेंबरच्या तळाला तेल सोडायचं भोक असतं, त्याचा नट दगडाने उडवून दिला होता. त्या भोकातून सगळं तेल वाटेवर गेलं होतं, शेवटचे थेंब माझ्या कपाळावर पडत होते. नटाचा पत्ता नव्हता. आप्पासाहेब मडगार्डवर बसले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पाय नसलेल्या माणसासारखा दिसत होता.

"गयी मन्ही गाडी," ते म्हणाले.

वरच्या अंगाला दोन झोपड्या होत्या. तिथला पावरा जमातीचा गडी खाली आला, वेस्ता त्याचं नाव. बाजारात उठबस असल्याने आमची बोली त्याला येत होती. मी त्याला भोक दाखवलं. त्याने एक बोट आत घालून माप घेतलं, खैराची फांदी तोडली आणि कोयत्याने अशी खुंटी तासून दिली की तिला कानसही लावावी लागली नाही. मी तिच्याभोवती धोतराची चिंधी गुंडाळली, तिला अंगाच्या साबणाचा लेप दिला आणि ठोकून बसवली. साबणाचा हा उपयोग लक्षात ठेवा. तेल साबणाला विरघळवत नाही, त्यामुळे फटी घट्ट बुजतात.

भोक बुजलं. पण आत घालायचं काय? एरवी बरोबर असायचा तो तेलाचा लहान डबा निघायच्या घाईत पडवीतच राहिला होता. मी गाडीत माझ्या पायाच्या जागी बघितलं. बुधली शाबूत होती.

सांगायला हरकत नाही, त्या क्षणी माझे हात थांबले. ते तेल देवाचं होतं, आणि ते वाहण्याचा शब्द मी दिला होता. दुसरीकडे समोर मडगार्डवर बसलेला तो माणूस, ज्याच्यासाठी ते तेल भरलं गेलं होतं. चेंबर पार कोरडं झालेलं असल्यामुळे एरंडेलाशी भांडायला आत दुसरं तेलही उरलं नव्हतं. मी बूच काढलं आणि मनात म्हणालो, मारुतीराया, तू हे आपल्या जागी समजून घे.

"हाई एरंडेल तुन्हाकडे कसं ऊनं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"पोट बिघडेल व्हतं," मी म्हणालो. त्यांनी बुधलीच्या आकाराकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही.

बुधली रिकामी झाली तरी तेल काडीच्या खालच्या खुणेला शिवेना. मी वेस्ताला विचारलं, तुझ्याकडे एरंडेल आहे का? दिव्याला असतंच त्यांच्याकडे. त्याने वाकून गाडीच्या पोटाखाली बघितलं.

"इतलं एरंडेल? याले काय व्हयनं?"

"याना पोटमा काहीच ऱ्हायनं नही," मी म्हणालो.

"मंग आठे रस्तावर नका देऊ," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "तिकडे झाडीमा लई जा."

आप्पासाहेब हसायला लागले. इतके हसले की त्यांना मडगार्ड धरावं लागलं. वेस्ता हसला नाही, पण त्याच्या बायकोने घरातून मडकं आणून दिलं. काडी पुसली, बुडवली. तेल दोन खुणांच्या बरोबर मधे. बदल्यात वेस्ताने एकच मागितलं, गाडीच्या रबरी भोंग्याचा फुगा दाबायला. तो त्याने मनसोक्त दाबला आणि पलीकडच्या डोंगरावरची गुरं उधळली.

गाडी चालू केली. काटा उभा राहिला. एरंडेल सरस निघालं, साहेब लोक खोटं बोलत नव्हते. उरलेला घाट आम्ही निळ्या धुराचा आणि त्या वासाचा पडदा मागे सोडत चढलो.

मोलगीला झाडाखाली दगाजीराव दोरखंडाचं वेटोळं मांडीवर घेऊन बसले होते. गाडी आपल्या पायांनी आलेली बघून ते उठले, आणि आधी नाकाला उपरणं लावलं. मग बैलांच्या गळ्यातली घुंगूरमाळ सोडली आणि गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली. बोललेला शब्द पाळणारा माणूस होता.

"दाजी, जितनात तुम्ही," ते म्हणाले. "पन एक सांगस. मी काही बैलसना नादमा पैज नही लायी. ताईनं सांगं व्हतं. 'दादा, काही बी कर, पन ती गाडी मन्हा घरमाईन काढी लई जाय. मी रोज ओसरीवर उभी राहीसन थकी गयी.' असं बोलनी. आते मी तिले काय सांगू?"

आप्पासाहेब जाळीकडे वळले. त्यांनी घुंगूरमाळेची गाठ उगाच एकदा घट्ट केली.

परतताना त्यांनी गाडी हळू चालवली. मी त्यांना तसं चालवताना कधीच बघितलं नव्हतं. मला आधी वाटलं, खुंटीची काळजी. पण घाट उतरला, सपाटी आली, तरी पाय जड झाला नाही. अक्कलकुव्याचा मारुती गेला, तळोद्याचा गेला. माझी बुधली रिकामी होती.

ब्राह्मणपुरीला पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घुंगरांचा आवाज ऐकून वहिनींना बैलगाडी वाटली असावी, म्हणून त्या अगदी फाटकापर्यंत आल्या. आप्पासाहेबांना त्यांनी वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, हातपाय जागेवर आहेत का ते. मग माझ्याकडे वळल्या.

"तेल मारुतीले पोचनं का, जगनभाऊ?"

मी खरं तेच सांगितलं. "नही, वहिनी. गाडीना पोटमा गयं. ते नही ऱ्हातं तर गाडी उनी नसती."

त्यांनी श्वास घेतला. सगळ्या अंगणात एरंडेलाचा वास पसरला होता. आपल्याच तेलाने आपलीच पैज बुडवली, हे त्यांना माझ्या आधी समजलं. त्या रागावतील, रडतील, काहीतरी होईल म्हणून मी उभा राहिलो. त्या फक्त म्हणाल्या, "मंग मारुतीलेच ती गाडी ऱ्हाऊ देनी व्हयी," आणि आत जायला वळल्या.

"जगा, उतर," आप्पासाहेब म्हणाले.

मी उतरलो. मला वाटलं, झालं, नोकरी गेली.

"तू थांब," ते वहिनींना म्हणाले. "घरमा तेल शे का? बुधली भरी लई ये. सूर्य मावळाना आगोदर पारवर जाई येऊत." आणि डाव्या जागेवरची धूळ त्यांनी स्वतःच्या उपरण्याने झटकली. "बठ आठे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी दार धरून उभा राहिलो. त्या बसल्या, दोन्ही हातांनी बुधली धरून, पाठ ताठ. गाडी फाटकातून बाहेर पडली. मी ओसरीवर उभा राहिलो. गाडी वळणाआड गेल्यावरही घुंगरं ऐकू येत होती, बैल पाण्याला चालावेत तशा चालीने. इंजिन एकदाही किंचाळलं नाही.

त्या दिवसापासून डावी जागा वहिनींची झाली, शनिवारीही आणि इतर वारीही. माझी बढती होऊन मी मागच्या चाकावर गेलो, किंवा खरं सांगायचं तर घरी राहिलो. काट्यांवर नजर त्या ठेवायच्या. त्यांना एकही काटा वाचता येत नव्हता; त्या फक्त आप्पासाहेबांच्या पायाकडे बघायच्या.

दुसऱ्या दिवशी मी चेंबर धुतलं, नवा नट बसवला, चांगलं तेल वरच्या खुणेपर्यंत भरलं. आठवडा गेला. गाडी रोज बाहेर पडत होती, घुंगरं वाजत होती. रविवारी सकाळी मी सवयीने तेलाचा डबा बाजूला ठेवला, पट्टा सोडला आणि काडी ओढली. पुसली, परत बुडवली, परत ओढली. मग उजेडात नेऊन बघितली. तेल वरच्या खुणेवर, होतं तिथेच होतं.